‘मोटार गेली’ म्हणण्याआधी

कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ऑगस्ट लागला की बोटी बाहेर पडतात. पाऊस मात्र सप्टेंबर संपेपर्यंत पाठ सोडत नाही. नेमक्या याच दिवसांत केबिनमधल्या वायपरची सगळ्यांना आठवण होते. तांडेल बटण दाबतो, काच धुरकटलेलीच राहते, आणि धक्क्यावरचा वायरमन उभ्या उभ्या निकाल देतो, “नाखवा, मोटार गेली. नवीन टाका.”

या निकालावर लगेच विश्वास ठेवू नये. बोटीवर वायपर बंद पडतो तेव्हा मोटार बऱ्याचदा शाबूत असते. बिघाड तिच्या अलीकडे तारेत असतो, नाहीतर पलीकडे दांड्यात. मोटार बदलताना जुने सांधे तोडून नवे केले जातात, दांडाही नवा येतो, म्हणून वायपर चालू होतो आणि श्रेय नव्या मोटारीला मिळतं.

गाडीच्या वायपरवर पडतं ते पावसाचं गोडं पाणी. बोटीच्या वायपरवर उडतं ते समुद्राचं, ज्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे तारेचा सांधा दिसायला कोरडा असला तरी आतून कधीच पुरता सुकत नाही. त्यात या यंत्राला काम नसतं. ऑक्टोबरात पाऊस गेला की मे अखेरपर्यंत वायपरला कुणी हात लावत नाही, आणि पुढचे दोन महिने बोट वर ओढून शाकारलेली असते. वापरून झिजलेल्या वायपरपेक्षा पडून पडून जाम झालेले वायपर बोटींवर जास्त सापडतात. खाडीतून माणसं आणि गाड्या नेणाऱ्या जंगलजेटीचा वायपर भर पावसाळ्यात रोज चालतो, म्हणून त्याचे आजार वेगळे: घासलेले कार्बन, झिजलेली गरारी, फाटलेलं रबर.

वायपर ही चैनीची वस्तू आहे असं कुणाला वाटत असेल तर समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम बघावेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सदैव, डोळ्यांनी आणि कानांनी, नीट टेहळणी ठेवली पाहिजे. समोरची काच आंधळी असेल तर डोळ्यांची टेहळणी तिथेच संपली. मोठ्या जहाजांनी यावर वेगळाच तोडगा काढला. खिडकीत काचेची गोल तबकडी बसवायची आणि ती मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरवायची. पाणी तिच्यावर टिकतच नाही, कडेला फेकलं जातं. ब्रिटनमध्ये १९१७ साली या तबकडीचं पेटंट घेतलं गेलं. आपल्या ट्रॉलरवर मात्र साधा हलता दांडाच असतो. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांची. त्यांना १९०३ साली पेटंट मिळालं ते आतून लिव्हर ओढून चालवायच्या वायपरचं. हाताने फिरवायचे वायपर छोट्या बोटींसाठी आजही मिळतात, आणि त्यांना फ्यूज लागत नाही!

विजेच्या वायपरच्या पोटात काय असतं ते एकदा समजलं की निम्मी दुरुस्ती झाली. आत डीसी मोटार असते. बाहेरच्या कवचाला आतून दोन चुंबकं चिकटवलेली, मध्ये तांब्याच्या वेटोळ्यांचं आर्मेचर, आणि त्याच्या टोकाला घासणारे दोन किंवा तीन कार्बन. तीन असतील तर मोटार दोन वेगांची. तिसरा कार्बन थोडा तिरक्या जागी बसवलेला असतो आणि वीज त्यातून गेली की मोटार जोरात फिरते. आर्मेचरच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे कापलेले असतात आणि त्यांत नायलॉनची किंवा पितळेची गरारी अडकलेली असते. मोटारीच्या अनेक फेऱ्यांत गरारीची एक फेरी होते. वेग उतरतो, जोर चढतो. गरारीवरची खुंटी एका पट्टीला मागेपुढे ढकलते आणि बाहेरचा दांडा अर्धवर्तुळात डोलतो.

या यंत्रातला सर्वांत हुशार आणि सर्वांत कमी समजून घेतलेला भाग म्हणजे ‘पार्किंग’चा संपर्क. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्यावर न थांबता कडेला जाऊन थांबतो, तो याच्यामुळे. गरारीच्या पाठीवर तांब्याची एक चकती असते आणि तिला एके ठिकाणी खाच असते. चकतीवर पातळ पात्या टेकलेल्या असतात. बटण बंद झालं तरी या पात्यांमधून मोटारीला वेगळ्या तारेने वीज मिळत राहते. खाच पातीखाली आली की वीज तुटते आणि त्याच क्षणी मोटारीची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटार तेव्हा जनित्र बनते, तिची वीज तिच्यातच फिरते आणि ती स्वतःलाच ब्रेक लावते. म्हणून दांडा घरंगळत न जाता ठरल्या जागी थबकतो. पात्या हिरव्या पडल्या की वायपर बटण बंद करताच असेल तिथे थांबतो, आणि वाकून चिकटल्या तर बंदच होत नाही. पण त्याहून वारंवार दिसणारं कारण साधं आहे. मूळ स्विच खराब झाला म्हणून कुणीतरी दिव्याचा दोन पायांचा स्विच बसवलेला असतो. पार्किंगची तार मोकळीच लोंबत राहते, आणि दोष येतो मोटारीवर.

आता तपासणी. सुरुवात कानाने करावी. बटण दाबल्यावर पूर्ण शांतता असेल तर वाट विजेकडे जाते. बारीक गुणगुण ऐकू आली पण दांडा हलत नसेल तर काहीतरी अडकलेलं आहे. बटण लगेच बंद करा, कारण अडकलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि तेवढ्यात आतल्या वेटोळ्यांचं व्हार्निश जळू शकतं. आत गरगर आवाज येतो आणि बाहेर काहीच हलत नाही, तर गरारीचे दात गेले किंवा दांड्यावरचा नट ढिला पडला. थोडा वेळ चालून आपोआप थांबतो आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होतो, असं असेल तर कित्येक मोटारींत बसवलेला उष्णतेचा कटआउट आपलं काम करतोय. म्हणजे भार जास्त आहे.

शांततेपासून सुरुवात करू. फ्यूज बघायचा हे कुणीही सांगेल. पण बोटीवर फ्यूजपेक्षा त्याचं घर आधी बघावं. काचेच्या फ्यूजच्या टोप्या आणि त्यांना धरणारे चिमटे यांच्यात हिरवट-पांढरी साय धरते. फ्यूज चांगला, वीज मात्र बंद. तो काढून टोप्या आणि चिमटे बारीक पॉलिशपेपरने घासले की कधी कधी काम तिथेच संपतं. फ्यूज खरोखर उडाला असेल तर मोठ्या आकड्याचा फ्यूज टाकून बघण्याचा मोह टाळा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, आणि लाकडी किंवा फायबरच्या बोटीत तापलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण.

पुढे मोटारीजवळच्या तारेवर मीटर लावला जातो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो, आणि मग ‘वीज येतेय, म्हणजे मोटारच गेली’ हा निष्कर्ष निघतो. दुरुस्तीतली मोठी फसगत इथे होते. मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. तारेतले सगळे धागे सडून एकच शिल्लक असला तरी मीटरला पुरे १२ व्होल्ट दिसतात. मोटारीला मात्र समजा ३ अँपिअर हवेत. वाटेतल्या गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त १ ओहम धरला तरी ३ व्होल्ट त्या सांध्यातच जिरतात आणि मोटारीच्या वाट्याला ९ उरतात. त्यावर ती कण्हते, धड फिरत नाही. म्हणून अशा ठिकाणी मीटरपेक्षा जुना टेस्ट लॅम्प भरवशाचा. गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांना जोडून मोटारीच्या टोकांवर लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे. लालसर, मरगळलेला पेटला तर मोटारीला हात लावायची गरज नाही, तार शोधा. मीटरनेच करायचं असेल तर मोटारीचं बटण चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मोटारीच्या प्लसवर धरा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं की तेवढी वीज वाटेत गळते आहे. मायनसच्या बाजूनेही तसंच बघा.

मायनसची बाजू खास महत्त्वाची. आपल्याकडे बोटींवर गाडीची किंवा ट्रकची वायपर मोटार बसवलेली सर्रास दिसते. स्वस्त पडते, तालुक्याच्या गावी मिळते, त्यात गैर काही नाही. पण गाडीच्या मोटारीचं कवच हेच अनेकदा तिचं मायनस असतं. गाडीत लोखंडी बॉडीतून वीज परत जाते. लाकडी किंवा फायबरच्या केबिनला अशी बॉडीच नाही. म्हणून कवचाला स्क्रूने एक तार जोडून ती मायनसला नेलेली असते, आणि सगळा खेळ त्या एका स्क्रूवर येतो. स्क्रू गंजला की वायपर मेला. बोट पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धोका उलटा आहे: मोटारीचा परतीचा प्रवाह बोटीच्या अंगातून जाऊ लागला तर पाण्याखालचा धातू झपाट्याने खाल्ला जातो. तिथे कवचाखाली रबर घालून मोटार वेगळी ठेवावी आणि मायनसची तार थेट न्यावी. नाहीतर ज्या मोटारीत दोन्ही तारा कवचापासून सुट्या आहेत तीच घ्यावी. आणखी एक वाईट सवय दिसते. बोटीवर २४ व्होल्टची जोडणी असते आणि हाताशी मोटार १२ व्होल्टची, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढली जाते. वायपर चालतो, पण एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त चार्ज होते. दोन्ही लवकर जातात, आणि वायपरवर कुणाचा संशयही जात नाही.

तारेचं वरचं आवरण सोललं की आतलं तांबं चकचकीत दिसायला हवं. काळं दिसलं तर मीठ-पाणी आवरणाच्या आतून चढत गेलं आहे. आणखी थोडं मागे सोला, तिथेही काळं असेल तर तार बदला. बोटीसाठी कलई केलेल्या तांब्याची तार मिळते. महाग वाटते, पण केबिनबाहेर तीच टिकते. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार पावसाळाभरही धड जात नाही.

विजेची बाजू ठीक असेल तर दांड्याकडे वळायचं. आधी बॅटरीची मायनस तार काढून ठेवा, कारण वायपरचा हात अचानक फिरला तर बोट चेचण्याइतकी ताकद त्या गरारीत असते. मग रबर धरणारा बाहेरचा हात दांड्यावरून काढायचा. इथे हातोडी चालवू नका. दांड्यावर घातलेला प्रत्येक घाव सरळ आतल्या गरारीवर जातो आणि नायलॉनचे दात तुटतात. आधी जाम झालेला दांडा होता, आता खरोखरच मोटार गेली. छोटा पुलर लावा. तो नसेल तर धीर धरा आणि गरम गोडं पाणी ओता. गंज म्हटलं की आपला हात तेलाकडे जातो, पण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. दोन-तीनदा गरम पाणी सोडून मीठ धुवून काढा, पुसा, मग गंज सोडवणारं पातळ तेल टाका आणि रात्रभर राहू द्या.

जाम होण्याचं कारण बहुधा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो तिथे सापडतं. दांडा स्टेनलेस स्टीलचा, नळी अ‍ॅल्युमिनियमची, आणि मध्ये खारं पाणी: दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात कमजोर धातू, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, विरघळू लागतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि दांड्याला चारी बाजूंनी आवळते. दांडा बाहेर काढून, भुकटी घासून, भरपूर ग्रीस लावून आणि बाहेरचा रबरी वॉशर नवा घालून बसवला की वायपर नव्यासारखा डोलतो. हा वॉशर फाटलेला असेल तर पाणी दांड्यावरून ओघळत सरळ मोटारीत उतरतं. किरकोळ वस्तू आहे, पण पुढचं सगळं नुकसान तिच्यापासून सुरू होतं.

हात काढलेला, दांडा मोकळा, टेस्ट लॅम्प लख्ख, आणि तरीही मोटार गप्प असेल तेव्हाच ती उघडायची. खोलण्याआधी कवच आणि गरारीचं घर यांच्या सांध्यावर खिळ्याने एक आडवी रेघ ओढून ठेवा. कवचात चुंबकं असल्यामुळे ते परत बसवताना अर्धी फेरी उलटं बसलं तर मोटार उलटी फिरते आणि पार्किंगची जागा बिघडते. कवच ओढताना चुंबक आर्मेचरला सोडत नाही. एका हाताने आर्मेचर धरून दुसऱ्याने कवच काढा. काही मोटारींत आर्मेचरच्या टोकाशी पोलादाची बारीक गोळी असते. ती टपकन खाली पडते आणि डेकच्या फटीत गेली की संपलं, म्हणून हे काम डेकवर न करता घरी, परातीत करावं.

आत काय दिसतं? ग्रीसची मेणासारखी पिवळट ढेप झालेली असते. कार्बनची काळी पूड सगळीकडे. कार्बन आपल्या खोबणीत मागेपुढे सहज सरकले पाहिजेत. पूड आणि ओल यांनी ते अडकून बसतात, स्प्रिंग त्यांना पुढे ढकलू शकत नाही आणि संपर्क तुटतो. मोटारीवर पान्याने हलकी टिचकी मारली की ती चालू होते, ती याच कारणाने. अशी मोटार चालू झाली म्हणून तशीच सोडू नका, ती पुन्हा थांबणार आहे. खोबणी पुसून घ्या. कार्बन फार आखूड झाले असतील तर त्याच जाडीचे नवे मिळतात, किंवा थोडे मोठे आणून घासून बसवता येतात. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतात त्यांना अगदी बारीक काचकागदाने उजळा आणि पट्ट्यांमधल्या फटी लाकडी काडीने साफ करा. एमरी कागद वापरू नका. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात. परत जोडताना कार्बन मागे धरून ठेवायला दोन बारीक तारांचे आकडे करावेत, आर्मेचर आत गेलं की ते ओढून घ्यायचे.

जुनं ग्रीस काढायला थोडं रॉकेल आणि कापड पुरतं. पेट्रोल नको. कार्बनपाशी ठिणग्या उडतात आणि मोटारीत साचलेली पेट्रोलची वाफ पेट घेते. नवं लिथियम ग्रीस गरारीच्या दातांना लावा. पार्किंगच्या चकतीला आणि पात्यांना मात्र ते लागू देऊ नका, त्या खोडरबराने किंवा काचकागदाने उजळून कोरड्याच ठेवा. झाकण बंद करताना गॅस्केट नवं कापून घाला. आणि खाली एक बारीक भोक दिसेल ते सिलिकॉनने बुजवू नका. ते आत साचलेला दमट घाम बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘वॉटरप्रूफ’ करण्याच्या उत्साहात ही भोकं बंद केलेल्या मोटारी आतून सडतात. मोटार बसवताना ते भोक खालच्या बाजूला यायला हवं, एवढंच पाहायचं.

एवढं करूनही वायपर रडतखडत चालत असेल तर दोष काचेवर आहे. मिठाने खरखरीत झालेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवणं म्हणजे मोटारीला दुप्पट कामाला लावणं. आधी गोडं पाणी मारा, मग बटण दाबा. रबर कडक झालं असेल तर बदला, पण लांब पट्टी बसवून जास्त काच पुसायचा मोह नको, मोटार तेवढ्या भारासाठी बनलेली नसते. केबिनला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावलं असेल तर त्यावर वायपर चालवूच नये. मिठाचे कण रबराखाली सापडून ते महिनाभरात ओरखड्यांनी पांढरं होतं.

आणि भर समुद्रात बंद पडला तर? एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा उपाय बोटीवरही लागू पडतो: ओल्या काचेवर बाहेरून तंबाखू चोळायची. काचेवर पाणी थेंबाथेंबाने बसतं तेव्हा प्रत्येक थेंब उजेड वाकवतो आणि समोरचं काही दिसत नाही. तंबाखूच्या लेपाने पाणी थेंब न धरता सलग पसरतं आणि काच बऱ्यापैकी पारदर्शक राहते. तुषार उडत असतील तर लेप लवकर धुवून जातो, पण किनारा गाठायला तेवढा वेळ मिळतो. तंबाखूचा मला माहीत असलेला हा एकमेव निरुपद्रवी उपयोग.

आर्मेचर जळून करपट वास येत असेल, चुंबक तडकलं असेल, किंवा दात गेलेल्या गरारीला जोड मिळत नसेल, तर मात्र नवी मोटार घ्याच. दुकानात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: बोटीचं व्होल्टेज, केबिनच्या भिंतीची जाडी (दांड्याची लांबी तिच्यावर ठरते), हात किती अंशात फिरायला हवा, आणि बंद झाल्यावर तो कोणत्या कडेला थांबायला हवा. जुनी मोटार भंगारात देऊ नका. तिच्या पार्किंगच्या पात्या, कार्बनच्या स्प्रिंगा आणि शाबूत असलेली गरारी दुसऱ्या कुणाची तरी मोटार चालू करतात. नवी बसवल्यावर आठवड्यातून एकदा, ऊन असो वा पाऊस, काचेवर तांब्याभर गोडं पाणी ओतून ती दोन मिनिटं चालवा.